एरिक लिडेल : रविवारी न धावलेला धावपटू



खेळाच्या मैदानावर धर्माला किती जागा असावी, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात केव्हा ना केव्हा येऊन उभा राहिलेला असेल. मुलाची शाळेच्या संघात निवड होते, घरात आनंदीआनंद होतो, आणि मग कळते की सामने रविवारी सकाळी, नेमके उपासनेच्या वेळी आहेत. दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या व्यावसायिक क्रीडासंघटना सणावारांत उत्साहाने सामील होताना आपण पाहतो. दिवाळीला त्यांच्या शुभेच्छा येतात, ईदला येतात, नाताळात खेळाडू लाल टोप्या घालून छायाचित्रे काढून घेतात. आपला सण मैदानावर साजरा झाला की आपल्याला बरे वाटते, आणि आपला पवित्र दिवस मैदानाने विचारात घेतला नाही की आपण दुखावतो. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. परंतु क्रीडासंघटनेने धर्मकार्यात भाग घ्यावा काय, आणि घेतल्यास त्याने धर्माचे नेमके काय भले होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अशा चर्चेत ख्रिस्ती लोकांच्या तोंडी एक नाव हमखास येते, ते एरिक लिडेल यांचे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते रविवारी धावले नाहीत, हे आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. १९८१ साली त्यांच्यावर निघालेला ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा चित्रपट जगभर गाजला, त्याला ऑस्करही मिळाले, आणि तेव्हापासून तो एक रविवार म्हणजेच लिडेल, असे समीकरण होऊन बसले. वास्तविक त्यांच्या आयुष्यात आणखी एक रविवार आहे. तो सुमारे वीस वर्षांनंतरचा, चीनमधील एका नजरकैदेच्या छावणीतला आहे. पहिल्या रविवारी ते खेळाडू होते, दुसऱ्या रविवारी खेळ चालवणाऱ्यांपैकी एक होते. हे दोन रविवार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, एवढ्यासाठीच त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे मांडीत आहे.

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन, म्हणजे आजच्या तिआनजिन, या शहरात झाला. वडील रेव्हरंड जेम्स डनलॉप लिडेल आणि आई मेरी हे स्कॉटलंडचे. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते चीनमध्ये सेवा करीत होते. दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, बॉक्सर बंडात शेकडो मिशनरी आणि हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले होते. त्या राखेत पुन्हा काम उभे करण्याचा तो काळ होता. एरिकचे पहिले काही महिने आणि वर्षे उत्तर चीनच्या खेड्यांत गेली. थोरला भाऊ रॉबर्ट त्याच्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा.

मिशनरी कुटुंबांच्या त्यागाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा आईवडिलांचाच त्याग आपल्या डोळ्यांपुढे असतो. मुलांनी काय सोसले, याची नोंद कमी होते. एरिक सहा वर्षांचा असताना त्याला आणि रॉबर्टला लंडनजवळील ब्लॅकहीथ येथील मिशनरींच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ठेवण्यात आले. पुढे ही शाळा मॉटिंगहॅमला गेली आणि एल्थम कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाली. आईवडील चीनला परतले. त्यानंतर कित्येक वर्षांत त्यांची भेट केवळ रजेच्या काळात होई. हा लाजाळू, अबोल मुलगा मैदानावर मात्र कोणालाच आवरत नसे. रग्बी आणि क्रिकेट या दोन्ही संघांचे कर्णधारपद त्याने भूषविले.

ज्या घरात तो जन्मला, तेथे रविवार कसा पाळला जाई हे समजून घेतले पाहिजे; नाही तर पुढची गोष्ट हट्टाची वाटेल. स्कॉटलंडमधील धर्मनिष्ठ कुटुंबांत प्रभूचा दिवस हा शब्बाथाच्या आज्ञेनुसार इतर सहा दिवसांपासून वेगळा काढलेला असे. दुकाने बंद, खेळ बंद, अनावश्यक प्रवास बंद. सकाळ-संध्याकाळ उपासना, शास्त्रवाचन, आजाऱ्यांच्या भेटी. आपल्याकडे महाराष्ट्रात स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनरींनी जी मंडळी उभी केली, तिच्या जुन्या पिढीतही रविवारची ही शिस्त उतरली होती. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवणाऱ्या, कपडे इस्त्री करून ठेवणाऱ्या आजीबाई आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या शिस्तीत कोरडेपणा शिरला की तिचे ओझे होते, हेही खरे. पण लिडेल यांना ते ओझे कधी वाटलेले दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने तो मोकळीकीचा दिवस होता.

१९२० साली लिडेल एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे त्यांच्या वेगाची ख्याती झाली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून ते १९२२ आणि १९२३ या वर्षांत सात सामने खेळले. परंतु लोकांच्या मनात ते भरले ते धावपटू म्हणून. त्यांची धावण्याची ढब पाहून जाणकार कपाळाला हात लावीत. मान मागे टाकलेली, तोंड आकाशाकडे, हात पवनचक्कीसारखे फिरत. असा माणूस पुढे कोणी जाईल असे वाटत नसे, आणि तो सर्वांच्या पुढे असे. जुलै १९२३ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या सामन्यात ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून ते मार्गाबाहेर पडले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले होते. तरीही ते उठून धावले आणि जिंकले. शर्यत संपताच ते कोसळले व त्यांना उचलून न्यावे लागले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती त्यांच्या दृष्टीने अधिक मोठी होती. आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी सुवार्तासभा चालू होत्या. तेथे पुरुष मंडळी फिरकत नव्हती. प्रसिद्ध खेळाडू आला तर लोक येतील, या विचाराने सभेच्या चालकांनी लिडेल यांना बोलावले. सभेत बोलणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी होकार दिला आणि पहिल्यांदाच उघडपणे आपली साक्ष दिली. वक्तृत्व काही नव्हते. शांत, घरगुती बोलणे होते. पण त्या दिवसापासून त्यांचे नाव आणि त्यांचा विश्वास ही दोन्ही लोकांसमोर एकत्र आली. पुढे पॅरिसचा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांना नवीन काही ठरवावे लागले नाही, याचे मूळ येथे आहे.

आता पॅरिसकडे वळू. येथे चित्रपटाने केलेली एक चूक प्रथम दूर करायला हवी. पॅरिसला जाण्यासाठी बोटीवर चढताना लिडेल यांना १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याचे अचानक कळले, आणि मग राजपुत्रासमोर वादविवाद झाला, असे चित्रपटात दाखविले आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी जाहीर झाले होते. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवार दिनांक ६ जुलै १९२४ रोजी होत्या. दोन्ही सांघिक रिले शर्यतींचे अंतिम सामनेही पुढच्या रविवारी, १३ जुलैला, होते. लिडेल यांनी या तिन्हींतून आपले नाव काढून घेतले आणि २०० व ४०० मीटरच्या तयारीला लागले. १०० मीटर ही त्यांची हुकमी शर्यत. ४०० मीटरमध्ये त्यांच्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. वर्तमानपत्रांनी टीका केली, देशाभिमानाची आठवण करून दिली. एकट्या बसून सोसावी लागते ती टीका कशी असते, हे कळायला ऑलिंपिकपर्यंत जावे लागत नाही. मुलाला रविवारच्या सामन्याला न पाठवणाऱ्या आईला शाळेच्या फाटकात जे ऐकावे लागते ते त्याच जातीचे असते.

वाचकहो, लिडेल यांनी काय केले यापेक्षा काय केले नाही, ते येथे नीट पाहावे. त्यांनी चळवळ उभारली नाही. ऑलिंपिकने ख्रिस्ती दिवस पाळलाच पाहिजे, अशी मोहीम काढली नाही. रविवारी धावणाऱ्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना त्यांनी दोष दिल्याचेही कोठे नमूद नाही. संघटनेने आपले वेळापत्रक ठेवले, त्यांनी आपला विवेक राखला, आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून भरली.

याच पॅरिसमध्ये चोवीस वर्षांपूर्वी, १९०० च्या ऑलिंपिकमध्ये, नेमके उलटे घडले होते. अमेरिकेचा लांब उडीतला खेळाडू मायर प्रिन्स्टीन प्राथमिक फेरीअखेर सर्वांच्या पुढे होता. अंतिम फेरी रविवारी आली. तो ज्या सिराक्यूज विद्यापीठाचा विद्यार्थी होता, ते मेथॉडिस्टांनी स्थापन केलेले होते. विद्यापीठाने त्याला रविवारी उडी मारण्यास मनाई केली. प्रिन्स्टीन स्वतः यहुदी होता! रविवार हा त्याचा शब्बाथ नव्हताच. त्याचा प्रतिस्पर्धी ॲल्विन क्रेंझलाइन हा ख्रिस्ती; तो मात्र रविवारी मैदानात उतरला आणि केवळ एका सेंटिमीटरने जिंकला. दुसऱ्याच दिवशी प्रिन्स्टीनने तिहेरी उडीत सुवर्णपदक मिळविले, हे समाधान. पण विद्यापीठाने त्या दिवशी शब्बाथ पाळला असे कोणी म्हणेल काय? एका यहुदी तरुणाला ख्रिस्ती रविवारासाठी पदक सोडायला लावले, इतकेच त्यातून झाले. धर्म पाळण्याचे काम संस्थेने खेळाडूच्या वतीने अंगावर घेतले की असेच होते. पाळणारा एक असतो, आणि किंमत देणारा दुसराच.

रविवार ६ जुलै रोजी, स्टेडियममध्ये १०० मीटरच्या फेऱ्या चालू असताना, लिडेल पॅरिसमधील स्कॉट्स चर्चच्या व्यासपीठावर उभे राहून उपदेश करीत होते. १०० मीटरचे सुवर्णपदक सोमवारी त्यांचाच सहकारी हॅरोल्ड अब्राहम्स याने जिंकले. बुधवारी २०० मीटरमध्ये लिडेल तिसरे आले. अमेरिकेचे स्कोल्झ आणि पॅडॉक त्यांच्या पुढे होते. शुक्रवार ११ जुलैला ४०० मीटरची अंतिम शर्यत होती. त्या दिवशी संघाच्या एका मालिशवाल्याने घडी केलेली एक चिठ्ठी त्यांच्या हाती दिली होती. देवाचा मान राखणाऱ्याचा देव मान राखतो, या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील वचनाची तीत आठवण होती. ही चिठ्ठी पदाधिकाऱ्याकडून आली नव्हती, अंग रगडणाऱ्या साध्या माणसाकडून आली होती. मला वाटते, खेळाच्या जगात धर्म खरोखर जेथे राहतो ती जागा बहुधा हीच असावी.

लिडेल यांना सर्वात बाहेरचा पट्टा मिळाला होता. तेथून दुसरे धावपटू दिसतच नाहीत. आपण पुढे आहोत की मागे, हे कळायला मार्ग नसतो. ते पहिले २०० मीटर जणू तीच संपूर्ण शर्यत असावी अशा वेगाने धावले. ४०० मीटरमध्ये असे करणारा शेवटी कोलमडतो, असा त्या काळचा ठाम समज होता. दोन स्पर्धक वाटेत अडखळून पडले. लिडेल मान मागे टाकून तसेच धावत राहिले आणि ४७.६ सेकंदांत, ऑलिंपिकचा नवा उच्चांक करून, पहिले आले. अमेरिकेचा होरॅशियो फिच दुसरा, ब्रिटनचा गाय बटलर तिसरा. आठवडाभरातच, १७ जुलैला, एडिंबरो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कुलगुरूंनी त्यांच्या मस्तकावर रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट घातला आणि विद्यार्थ्यांनी त्यांना खुर्चीवर बसवून रस्त्यांतून मिरवत नेले.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या मुंबईनेही खेळ आणि धर्म यांची सांगड घालून पाहिली आहे. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेटचे सामने सुरू झाले, १९०७ मध्ये हिंदूंचा आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला. भारतीय ख्रिस्ती खेळाडूंना मात्र कोठेच जागा नव्हती; १९३७ साली ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले, या नावाचा पाचवा संघ निघाला तेव्हा ती मिळाली. सांगलीचे आपले विजय हजारे त्या संघातून खेळले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांच्या धावा होत्या २१. सामना त्यांचा संघ हरलाच. त्या खेळीचा अभिमान आपण बाळगावा, यात शंका नाही. पण त्या स्पर्धेत धर्म म्हणजे छातीवर लावायचा बिल्ला होता. प्रार्थनेशी, विवेकाशी, शेजाऱ्यावरील प्रीतीशी त्याचा काही संबंध नव्हता. गांधीजींनी १९४० मध्ये या स्पर्धेला विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद पडली, हे देशाच्या दृष्टीने बरेच झाले. आजच्या संघटना सणांच्या शुभेच्छा देतात त्यात तेवढे विष नाही. तरी इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९५० च्या दशकापर्यंत नाताळच्याच दिवशी सामने भरवले आणि अमेरिकेतील बास्केटबॉल संघटना १९४७ पासून तेच करीत आली, याचे कारण बाळ येशूचा जन्म नव्हे. त्या दिवशी लोकांना सुट्टी असते, हे आहे. शुभेच्छा आल्या तर आनंदाने घ्याव्यात. त्यांना उपासना मात्र समजू नये.

लिडेल यांच्याकडे परत येऊ. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९२५ च्या उन्हाळ्यात, ते चीनला निघाले. निरोपासाठी एडिंबरोच्या स्थानकावर लोटलेली गर्दी आवरेना. तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात ते विज्ञान शिकवू लागले. मुलांना खेळ शिकवीत, शब्बाथशाळा चालवीत. १९३२ मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. १९३४ साली कॅनेडियन मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी विवाह झाला. पॅट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. त्या सुमारास लिडेल यांनी शहरातील शिक्षकाची नोकरी सोडून सिआवचांग या ग्रामीण भागात सुवार्तिकाचे काम पत्करले. तेथे थोरला भाऊ रॉबर्ट डॉक्टर म्हणून होताच. पत्नी आणि मुलींना शहरातच ठेवावे लागले. सायकलवरून आणि पायी गावोगाव फिरताना जपानी सैन्य, चिनी सैन्य आणि लुटारू या तिघांमधून वाट काढावी लागे. एकदा मानेवर तलवारीचा घाव बसून मरायला टाकलेल्या माणसाला त्यांनी खेचराच्या गाडीतून मैलोन्‌मैल इस्पितळात आणले. तो वाचला. तो चित्रकार निघाला, आणि त्याने काढलेले फुलांचे चित्र त्यांनी जपून ठेवले. १९४१ मध्ये धोका फार वाढला तेव्हा गरोदर पत्नीला आणि मुलींना त्यांनी कॅनडाला पाठविले. तिसरी मुलगी मॉरीन तेथे जन्मली. वडिलांचे आणि तिचे कधी दर्शन झाले नाही.

मार्च १९४३ मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून लिडेल यांची रवानगी शानतुंग प्रांतातील वेइशिएन येथील छावणीत झाली. पूर्वीचे ते मिशनचेच आवार होते. लहानशा जागेत दीड हजारांवर माणसे कोंबलेली. व्यापारी, मिशनरी, कॅथलिक धर्मगुरू, जोगिणी, वादक, व्यसनी, सर्व प्रकारचे. अन्न अपुरे, संडास तुंबलेले, आणि रांगेतल्या भांडणांना अंत नाही. त्या वर्षी सप्टेंबरात चेफू येथील मिशनरी शाळेची मुले शिक्षकांसह तेथे आणली गेली. आईवडील दूर कोठे तरी, जिवंत आहेत की नाहीत याचीही बातमी नाही. सहाव्या वर्षी आईवडिलांपासून दुरावलेल्या लिडेल यांना या मुलांच्या मनात काय चालले असेल, हे कोणी सांगावे लागले नाही. ते त्यांना रसायनशास्त्र शिकवीत, चादरींच्या पट्ट्या फाडून त्यांच्या मोडक्या हॉकीच्या काठ्या बांधून देत, संध्याकाळी खेळ आणि बुद्धिबळ मांडीत. मुले त्यांना एरिककाका म्हणत.

छावणीतील खेळांची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्यांत लिडेल प्रमुख होते. वेळापत्रक आता त्यांच्या हातात होते. साहजिकच रविवारी खेळ नव्हते. पण ही मुले सोळा-सतरा वर्षांची. सहा दिवस रांगा, कामे, धडे. सातव्या दिवशी भिंतीकडे बघत बसणे. मंडळींतील मोठ्या माणसांनी कितीही समजावले तरी त्यांना तो दिवस प्रभूचा वाटेना, तुरुंगाचाच वाटे. एका रविवारी मुलांनी आपण होऊन हॉकीचा सामना ठरविला. एका बाजूला मुले, दुसऱ्या बाजूला मुली. पंच कोणी नव्हता. व्हायचे तेच झाले. खेळाची भांडणात आणि भांडणाची हाणामारीत परिणती झाली.

पुढचा रविवार आला. मुले पुन्हा मैदानावर जमली, आणि हातात शिट्टी घेऊन पंच म्हणून उभे होते एरिक लिडेल.

ज्यांनी पॅरिसची गोष्ट ऐकली होती त्यांच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. सुवर्णपदकासाठी, देशासाठी, राजघराण्याच्या सन्मानासाठी जे या माणसाने केले नाही, ते काही भुकेल्या, चिडलेल्या पोरांसाठी त्याने केले. त्याचा विश्वास ढिला झाला होता, असे कोणी म्हणेल. छावणीतील काहींना तसे वाटलेही असेल. मला तसे वाटत नाही. शब्बाथ माणसाच्या हितासाठी आहे, ही गोष्ट प्रभूने कणसे मोडणाऱ्या शिष्यांची बाजू घेताना परूश्यांना दाखवून दिली होती. पॅरिसमध्ये रविवार सोडण्याने केवळ लिडेल यांचेच नुकसान होणार होते. तेथे आपला हक्क सोडण्याचा अधिकार त्यांचा होता. वेइशिएनमध्ये रविवार कडकपणे लादण्याने मुलांचे नुकसान होत होते; तो सोसण्याचा निर्णय त्यांच्या वतीने घेण्याचा अधिकार लिडेल यांना स्वतःचा वाटला नाही. स्वतःला बांधून घेतलेला नियम हातात सत्ता आल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा नाही, हे ज्याला जमते तो विरळा. आपल्या शाळांच्या, मंडळींच्या, तरुण संघांच्या क्रीडासमित्यांत जे बसतात, त्यांनी हा दुसरा रविवार पहिल्याइतकाच ध्यानात ठेवावा. आपल्या मुलाला रविवारी खेळायला पाठवायचे की नाही, हे त्या घराने प्रार्थनेने ठरवावे, आणि न पाठवणाऱ्याची संघातली जागा समितीने राखून ठेवावी. वेगळ्या धर्माच्या मुलाच्या सणालाही हेच लागू आहे. समितीने त्याचा सण मैदानावर साजरा केला नाही तरी चालेल. त्या दिवशी तो गैरहजर राहिला म्हणून त्याला वगळू नये.

१९४४ संपता संपता लिडेल यांची डोकेदुखी वाढली. चालणे मंदावले. थकव्याने मन खचले असावे, अशी त्यांची स्वतःची समजूत झाली आणि विश्वासी माणसाने असे खचावे याचे त्यांना दुःख होई. मेंदूत गाठ होती, हे मृत्यूनंतरच कळले. तशाही स्थितीत ते शिकवीत राहिले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, छावणीच्या इस्पितळात ते प्रभूमध्ये निजले. त्याच दिवशी त्यांनी पत्नीला एक लहानसे पत्र लिहिले होते. बातमी तिला कॅनडात मे महिन्यात मिळाली. छावणी मुक्त झाली ती ऑगस्टमध्ये. त्यांच्या थडग्यावर एक साधा लाकडी क्रूस होता. पुढे ती जागाच विस्मरणात गेली. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरील ग्रॅनाइटची शिळा तेथे उभारली.

मृत्यूपूर्वी सुमारे तीन आठवडे, कडाक्याच्या थंडीत, लिडेल यांनी छावणीतील स्टीव्हन मेटकाफ नावाच्या तरुणाला आपले धावण्याचे जुने बूट दिले होते. ठिकठिकाणी शिवलेले, दोऱ्याने बांधलेले. या मुलाच्या पायांना धड काही उरले नव्हते. शास्त्राभ्यासात लिडेल यांनी त्याच्याकडून डोंगरावरील प्रवचनाचा शत्रूवर प्रीती करण्याचा भाग वाचून घेतला होता आणि पहाऱ्यावरील जपानी शिपायांसाठी प्रार्थना करायला शिकविले होते. लिडेल यांची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो मिशनरी होऊन जपानला गेला, आणि आयुष्याची बरीच वर्षे त्याने तेथेच काढली.